तीन ठिपक्यांचं लोखंड

माझा मामा आमच्या घरात मागच्या दाराने येतो. पुढे चांगलं दार आहे, दारापुढे फाटक आहे, फाटकाला कडी आहे, सगळं चार घरांसारखं आहे. पण हा बोळातून वळसा घालणार, धुण्याच्या दगडापाशी चपला काढणार आणि "आहे का कुणी?" असं विचारणार. कुणी नसायला काय झालंय? आई घर सोडून कुठे जात नाही आणि मी रविवारी तंगड्या पसरून पडलेली असते.

आत आला की तो आधी माझ्या पायाकडे बघतो, मग तोंडाकडे. "दुखतो का गं, चिमणे?" हा पहिला प्रश्न. मी चाळिशी ओलांडली. बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसून दिवसभर लोकांशी भांडते, सुट्ट्या पैशांवरून भल्याभल्यांना रडकुंडीला आणते. पण ह्याच्यापुढे आपली चिमणीच. मग तो दाराजवळच्या स्टुलावर टेकतो, तेसुद्धा गाडी सुटायला आल्यासारखा. खुर्चीवर बसत नाही. जेवायला थांबत नाही. आई डबा भरून देते, तो "कशाला उगाच" म्हणत घेऊन जातो.

धंद्याने मामा वेल्डर. त्याला सगळे ठोकमामा म्हणतात, आणि ते नाव काही उगाच पडलेलं नाही. जोड पूर्ण झाला, थंड झाला, की हा हातोडीने दोन ठोके देतो आणि कान लावून ऐकतो. आवाज पटला नाही तर परत ठोके. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, खिडकीचे गज आहेत, तुरुंगाचे नाहीत!" तरी ठोके. आणि मन भरलं की टोकदार पंच घेऊन एका कडेला तीन ठिपके उमटवतो. ती त्याची खूण. मी एकदा विचारलं होतं, की कामाला सुरुवात करतानाच का नाही मारून टाकत? तर म्हणाला, "खूण सगळ्यात शेवटी. काम पुरं व्हायच्या आत खूण म्हणजे जेवायच्या आत ढेकर." आमच्या घरात खिडक्यांना, जिन्याच्या कठड्याला, माझ्या पाय ठेवायच्या स्टुलाला, सगळीकडे ते तीन ठिपके आहेत. लहानपणी मी मोजत फिरायचे.

आता पायाचं सांगून टाकते, म्हणजे तुम्ही अंदाज बांधत बसणार नाही.

मी तेव्हा दुसरीत होते. आमच्याकडे नवं सरकतं फाटक बसलं होतं, मामानेच केलेलं. मामा तेव्हा तरणाबांड होता आणि फाटकांमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. रुळावरून ते फाटक एका बोटाने सरकायचं. पोरांना आणखी काय हवं? मी खालच्या पट्टीवर उभी राहून एका पायाने रेटा द्यायचे आणि गाडी गाडी खेळायचे. बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते फाटक रुळाच्या टोकाला थांबलंच नाही. पुढे गेलं, खांबातून सुटलं आणि माझ्यासकट आडवं झालं. डावा पाय खाली राहिला. तेव्हापासून तो थोडा आखूड आहे, आणि मी थोडी तिरकी चालते. तिरकी बोलते ते जन्मापासूनच.

रुळाच्या टोकाला फाटक अडवायला काहीतरी लावावं लागतं. ते तिथे नव्हतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बाबांनी मामाची गचांडी धरली आणि ओरडले, "लावायला विसरलास ना?" मामाच्या अंगात त्या दोन्ही दिवशी ताप होता. फाटक त्याने तापातच बसवलं होतं, त्याला धड काही आठवेना. तो म्हणाला, "लावल्यासारखं वाटतंय." मग थोड्या वेळाने म्हणाला, "विसरलो असेन." तो माझ्या खाटेपाशी बसून राहिला आणि इकडे बाबांनी त्याच दिवशी फाटक, रूळ सगळं उपटून भंगारात घातलं. म्हणजे बघायलाही काही उरलं नाही. उरलं ते एवढंच, "विसरलो असेन."

त्यानंतर मामाने फाटकाच्या कामाला हात लावला नाही. मोठं काम, नावाचं काम, सगळं सोडून दिलं आणि गज, स्टुलं, बादल्यांचे कान ह्यावर संसार केला. मामीने डोकं फोडलं त्याच्यापुढे, पण नाही. बाबांचा राग वर्षभरात निवला, पुढे तर ते त्याला हाका मारमारून बोलवायचे. पण मामा मागच्या दाराने यायला लागला तो लागलाच.

आई मात्र त्याला पहिल्यापासून एका शब्दाने बोलली नाही. माझ्या पायाचाही विषय तिने कधी काढला नाही. तेल लावायचे ते बाबा, दुखतो का विचारायचा तो मामा. आई माझ्याशी बोलताना सरळ तोंडाकडे बघून बोलणार. मला वाटायचं, काय कणखर बाई आहे! सख्ख्या भावाने पोरीचा पाय घालवला, तरी किती मोठं मन.

यंदा मामाच्या मुलाने हट्टच धरला, की आता दुकान बंद करा आणि आमच्याकडे राहायला या. तो राहतो लांब, रेल्वेने दीड दिवस. मामाचे हातही थरथरायला लागलेत. त्याने दुकान आवरलं. जाण्याआधीच्या रविवारी तो आमच्याकडे येणार होता, न्हाणीत माझ्यासाठी धरायला दांडा बसवायचा राहिला होता म्हणून.

त्याच्या आदल्या सोमवारी मागच्या अंगणात नळ फुटला. नळवाल्याने धुण्याचा दगड बाजूला घेऊन खणायला सुरुवात केली, आणि खड्ड्यातून एक लोखंडी वस्तू काढून माझ्यापुढे टाकली. तळहाताएवढी, काटकोनात वाकलेली, मध्ये एक तिरकी पट्टी. गंजाने अशी फुगलेली, की हातात घेतली तर पापुद्रे सुटत होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"जुन्या पंपाचा पाय," नळवाला म्हणाला.

"आमच्याकडे पंप कधी नव्हता."

"मग दुसऱ्या कशाचा तरी पाय," असं म्हणून तो पुन्हा खणायला लागला.

शेजारचे मास्तर कुंपणावरून डोकावत होतेच. चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. त्यामुळे जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायला मोकळे. त्यांनी वस्तू चष्म्याजवळ धरली आणि म्हणाले, "ही साधी गोष्ट नाही. तोफेच्या गाड्याचा भाग असणार." त्यांची बायको आतून ओरडली, "काही नाही तोफ-बिफ! माझ्या माहेरी शिलाई मशिनला असलंच होतं." उंटावरून शेळ्या हाकायला दोघं कमी पडली म्हणून की काय, नळवाला खड्ड्यातून म्हणाला, "तिजोरीची मूठ असेल बघा, आणखी खणू का?" मी हसून हसून बेजार.

आई दारात आली. हातात पातेलं होतं. तिने वस्तूकडे पाहिलं आणि म्हणाली, "टाक ते भंगारात. आत्ताच्या आत्ता."

ही आमची आई, जी फुटक्या कपाचा कानसुद्धा "असू दे, लागेल" म्हणून ठेवते! मी म्हटलं, "अगं, काय आहे ते तर कळू दे."

"कळून काय करायचंय? गंजकं लोखंड आहे. धनुर्वात होईल." आणि ती आत निघून गेली. आतून पातेलं पडल्याचा आवाज आला.

मला "टाक" म्हटलं की मी टाकत नाही, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती वस्तू कागदात गुंडाळून कामावर घेऊन गेले. बसस्थानकामागे भंगारवाल्याचं दुकान आहे. त्याने ती हातात घेतली, उलटी केली आणि चहाचा कपही खाली न ठेवता म्हणाला, "स्टॉपर आहे, ताई. सरकत्या गेटचा. रुळाच्या टोकाला लावतात."



"पडलेला असेल का हो? लावायचा राहून गेलेला?"

"राहून कसा जाईल? लावलेला होता. ही बघा वेल्डिंगची रेघ, अजून अंगाला चिकटलेली आहे. आणि ही कड बघा, सरळ. तुटला असता तर अशी सरळ तुटत नाही. करवतीने कापून काढलाय कुणीतरी." मग म्हणाला, "विकायचाय का?"

मी तो परत कागदात गुंडाळला. त्या दिवशी खिडकीत बसून मी कुणाशी भांडलेही नाही, तेव्हा शेजारच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, "बरं नाही का?"

घरी येऊन स्टॉपर रॉकेलमध्ये टाकला आणि तारेचा ब्रश घेऊन बसले. गंजाखालून आधी लोखंडाचा काळा रंग आला. मग कडेला एक खळगा. मग दुसरा. तिसरा दिसला आणि मी ब्रश खाली ठेवला. खूण सगळ्यात शेवटी. म्हणजे मामाने स्टॉपर लावला होता, ठोकून पाहिला होता, कान लावून ऐकला होता आणि मग ठिपके मारले होते. अंगात ताप असूनसुद्धा.

मग कापला कुणी? माझ्या डोळ्यांपुढे बाबाच आले. त्यांचंच फाटक, त्यांचाच आरडाओरडा. चोराच्या उलट्या बोंबा! वर्षभर त्यांनी त्या गरीब माणसाला दारात उभं केलं नाही. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तरी मी त्यांच्या फोटोपुढे उभी राहून नाही नाही ते बोलले. तेही मोठ्याने.

"त्यांना बोलू नकोस," मागच्या खोलीतून आई म्हणाली. "त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी कापायला लावला."

मी तिच्या खोलीत गेले, तर ती आजीच्या कपाटाला टेकून बसलेली. हे कपाट आईच्या माहेरचं, भलं मोठं, दाराला पुरुषभर आरसा. त्या आरशावर कायम एक चादर टांगलेली असते. "उजेड डोळ्यांवर येतो" असं आई सांगायची, आणि मी ते खरंही मानत होते.

"फाटक बसवून भाऊ घरी गेला, त्याच दिवशी हे कपाट आलं," ती म्हणाली. "हातगाडीवर आडवं बांधलेलं. फाटक पुरतं उघडलं तरी चार बोटं कमी पडत होती. हातगाडीवाला म्हणाला, उतरवून उभं करून नेतो, पण आरसा फुटला तर मला बोलू नका. मला तो आरसा हवा होता गं. माझ्या आईचा होता. मी म्हटलं, रुळाच्या टोकाला अडवणारा तो तुकडा काप, म्हणजे फाटक आणखी सरकेल. उद्या भाऊ आला की परत जोडून देईल, त्याला काय, दोन मिनिटांचं काम. तुझ्या बाबांना दिसू नये म्हणून तुकडा दगडामागे खड्ड्यात ढकलला."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"तो तापाने झोपून होता. आला नाही."

आणि मी गाडी गाडी खेळायला गेले. ते तिने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

"मग दवाखान्यात का नाही बोललीस? बाबा त्याची मान धरून उभे होते आणि तू मूग गिळून गप्प?"

"वाटलं, तू शुद्धीवर ये, मग सांगते. मग वाटलं, पायाचं काय ते कळू दे. मग तुझ्या बाबांचा राग उतरू दे." ती हाताने चादरीचं टोक चाळवत होती. "सगळे म्हणाले असते, आईनेच पोरीला पांगळी केली. तो म्हणाला 'विसरलो असेन', आणि मला... मला सुटल्यासारखं झालं. एवढी नीच आहे मी. झालं तुझं समाधान?"

मी तिला बरंच काही बोलले. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एका आरशासाठी, असंही म्हणाले. ती म्हणाली, "हो. एका आरशासाठी." डब्यांचा अर्थ मला आत्ता कळला. खाई त्याला खवखवे म्हणतात; हिने इतकी वर्षं खवखव डब्यात भरून भावाला दिली.

"रविवारी तो येईल. तू सांगायचंस," मी बजावलं. "नाहीतर मी सांगेन."

पुढचे दिवस ती माझ्या मागे मागे फिरत होती. "फोनवर सांगू का?" नाही. "मामीला सांगितलं तर? ती सांगेल त्याला." नाही. "तो जाऊ दे तिकडे, सावकाश पत्राने..." आई! शेवटी म्हणाली, "म्हातारा होऊन चाललाय. सुखाने जाऊ दे की." मी म्हटलं, "सुखाने? तो माझा पाय पिशवीत घालून चाललाय, आई."

रविवारी "आहे का कुणी?" झालं. पाय बघून झाला, तोंड बघून झालं. मामाने न्हाणीत दांडा बसवला, दोन ठोके दिले, कान लावला, ठिपके मारले. हात थरथरत होते, ठिपके जरा वाकडे पडले. मग त्याने पिशवीत हात घालून एकेक हत्यार चाचपून पाहिलं. ही त्याची खोड. कुठे काही विसरलो नाही ना, हे तो दोनदोनदा बघतो. आणि तो स्टुलावर टेकला.

आईने स्टॉपर त्याच्या मांडीवर ठेवला.

मामाला कुणालाही काही विचारावं लागलं नाही. त्याचा अंगठा आपोआप कडेवर गेला आणि ठिपक्यांवर थांबला. मग म्हणाला, "हे कुठे होतं?"

आईने सांगितलं. उभ्याउभ्याच, भिंतीला हात लावून, कपाटापासून खड्ड्यापर्यंत सगळं. मधे एकदा तिचा आवाज गेला, पण तिने परत सुरुवात केली. तेवढं मात्र मी तिच्या बाजूने लिहीन.

मामाने स्टॉपर उलटा केला. कापलेल्या कडेवर नख फिरवलं.

"कापायला वेळ लागला का गं?" त्याने विचारलं.

"खूप. घाम निघाला त्याचा. दोनदा बसला मधे."

"निघणारच," मामा म्हणाला, आणि क्षणभर, खोटं नाही सांगत, त्याची मान ताठ झाली. फाटकांच्या काळातला मामा कसा असेल ते मला पहिल्यांदा दिसलं. मग त्याचा चेहरा हळूहळू वाकडा व्हायला लागला.

"मी फाटकं सोडली, ताई," तो म्हणाला.

"माहीत आहे रे."

"मला फाटकं येत होती."

आई खाली बसली. त्याच्या पायांशी, जमिनीवरच. "शिव्या दे मला," म्हणाली. "मार. काहीतरी कर, पण असा बसू नकोस."

मामा तिच्याकडे बघत नव्हता. कपाळाला आठ्या घालून तो त्या कडेकडेच बघत होता. मग त्याने विचारलं, "करवत कुणाची होती?"

"तुझीच. फाटक बसवून गेलास तेव्हा ओट्यावर राहिली होती."

"माझी? लाल मुठीची?"

"हो."

"तरीच! ती मला कधी सापडलीच नाही." आणि त्याने मान हलवली, वर्षानुवर्षं न जुळणारी गोष्ट जुळावी तशी. "बघ, म्हणजे विसरलो होतोच मी. करवत इथे राहिली नसती, तर तू कशाने कापलं असतंस?"

"अरे, काय बोलतोस तू!" आई ओरडली. "शेजारून आणली असती! विळ्याने कापलं असतं! तुझा काय संबंध?"

"नाही नाही, ताई. हत्यार आवरून न्यायला हवं होतं. पोराबाळांचं घर." आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोपटल्यासारखा. "तू नको मनाला लावून घेऊस."

माझा संताप संताप होत होता. कुणावर, ते मला सांगता येणार नाही. एवढं लोखंड खणून काढलं, घासलं, पुरावा समोर ठेवला, तरी ह्या माणसाने आपला गुन्हा सोडला नाही. फक्त जुना ठेवून नवा घेतला. इतकी वर्षं अंगावर वागवलेलं ओझं, ते काढून तो उभा तरी कसा राहणार होता?

तो उठला. स्टॉपर पिशवीत टाकत म्हणाला, "हा नेतो. माझं काम आहे." डबा घेतला. मागच्या दाराकडे वळला.

"मामा, आज तरी पुढून जा ना," मी म्हटलं.

"चपला मागे आहेत गं," तो म्हणाला. जाताजाता त्याने माझ्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "जप, चिमणे. दांडा धरूनच उठ-बस करत जा."

बोळातून त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला. आई जमिनीवर बसून होती तशीच बसून राहिली. मी तिला उठवायला म्हणून पुढे झाले, आणि पाहिलं तर ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती पायाकडे बघत होती. तिने हात पुढे केला, घोट्यापाशी आणला आणि तिथेच थांबवला.

"दुखतो का गं?" तिने विचारलं.

"थंडीत," मी म्हटलं. "आणि जिना उतरताना."